पायाकडची दोरी

ग्लासगो
४ सप्टेंबर १९७४

प्रिय डॉलिना,

अत्यंत जड अंतःकरणाने मी तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवत आहे. तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. उघडलं शुक्रवारी. मधले तीन दिवस मी तुझ्या सुतळीशी झुंजत होतो. सात गाठी, डॉलिना! मी मोजल्या. एकीवर एक, एकीत एक. आत काय, तर मराग. मेंढीचं रक्त, ओटाचं पीठ आणि कांदा. राजघराण्याचे दागिने नव्हेत. इकडच्या बँकेत मी पाहिलंय, तिजोरीलासुद्धा एकच कुलूप असतं.

माझी घरमालकीण मिसेस पेटिग्रू पहिले दोन दिवस सहानुभूतीने बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मिस्टर मॅकास्किल, हे तुम्ही खावं अशी तुमच्या बहिणीची खरंच इच्छा आहे ना?" शेवटी मी तिची शिवणाची कात्री मागून घेतली. आता कात्रीला दाते पडलेत आणि ती माझ्याशी फक्त भाड्यापुरतं बोलते. मराग उत्तम होती. पण माणसाने नाश्त्यासाठी किती सोसावं याला काही मर्यादा आहे की नाही?

आणि हो, आत तुझी नेहमीची चिठ्ठी होतीच: "सुतळी कापू नकोस, सोडव आणि परत पाठव." गेली तेवीस वर्षं मी ती कापतोय आणि परत पाठवत नाहीये. तुकडे मात्र टाकवत नाहीत. खालच्या खणात साठलेत. टाकले, तर तुला तिकडे बेटावर बसून कळेल अशी मला धास्ती आहे.

बाकी ठीक. माझ्या शनिवारच्या रकान्यात या वेळी छत्र्यांवर लिहिलं. लोक हसले म्हणतात.

म्हातारा कसा आहे, हे मी विचारत नाही. विचारलं असं समजूही नकोस.

तुझा भाऊ,
यूअन


क्रोलाबोस्ट, लुइस बेट
१४ सप्टेंबर १९७४

यूअन,

सात गाठींचं कारण सांगते. एक घट्ट गाठ मारायला मनगटात जोर लागतो. सात सैल गाठी मारायला नुसता वेळ लागतो. सध्या माझ्याकडे वेळ आहे.

यंदा जळणासाठी दलदलीतलं पीट कापायला मी गेले नाही. पाठीने संप केलाय. शेजारच्या केनिनाच्या नवऱ्याने कापून, वाळवून, दाराशी रचून दिलं. तो ढीग बघून बाबा रोज खिडकीतून म्हणतात, "हा ढीग आहे का दारुड्याची टोपी?" पण जळतो. म्हणजे चाललंय.

आता कामाचं. आपल्या घरच्या आठ दोऱ्यांची यादी करायची वेळ आली आहे. फिनले सुतार दोनदा विचारून गेला. शवपेटी करण्याआधी त्याला दोरी धरणाऱ्यांची नावं हवी असतात, म्हणजे कार्डं लिहून तयार ठेवता येतात. अँगस पोस्टमनच्या वेळी यादी केली नव्हती. कबरीच्या काठावर तीन नंबरवरून दोन जावयांची जुंपली आणि अँगस बिचारा फळ्यांवर पावसात वाट बघत राहिला. हयातीत तो कधी कुणाला थांबवून ठेवायचा नाही.

तू शहरात राहून विसरला असशील. एक नंबर डोक्याशी. दोन नंबर पायाशी. बाकीचे सहा दोन्ही बाजूंना. बाजूचे नुसता भार घेतात. खरं काम एक आणि दोनचं. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि त्यांनी एकाच वेगाने दोरी सोडायची, नाहीतर पेटी तिरकी जाते.

एक नंबर मी तुझ्या नावाने धरलाय. हो का नाही ते कळव. दोन नंबरचं मी बघते.

सुतळी परत पाठव.

डॉलिना


ग्लासगो
२२ सप्टेंबर १९७४

प्रिय डॉलिना,

तर म्हातारा यादी करायला बसला! शहाऐंशी वर्षं त्याने सगळ्या गावाला मरणाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. आज अखेर स्वतःवर वेळ आल्यावर त्याला सुतार आठवला. आणि डोक्याशी मी? कशासाठी ते माझ्या लक्षात आलंय. खाली जाईपर्यंत त्याला माझ्यावर नजर ठेवता यावी म्हणून.

डॉलिना, या माणसाने तेवीस वर्षांत माझं नाव उच्चारलेलं नाही. मी दोनदा घरी येऊन गेलो. दोन्ही वेळा जेवताना तो तुला म्हणाला, "त्याला विचार, बटाटे हवेत का." मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्याच्या ताटातला हेरिंग मासासुद्धा माझ्याकडे बघत होता, तो नव्हता.

आणि माझा गुन्हा काय? एक कोंबडा. मी एवढंच लिहिलं की आमच्या बेटावर एका घरी शनिवारी सूर्य मावळला की कोंबडा टोपलीखाली जातो आणि सोमवारी सकाळी बाहेर येतो, म्हणजे शब्बाथच्या पवित्र दिवशी कोंबड्यांच्या हातून काही वावगं घडू नये. यात खोटं काय होतं? टोपली ठेवायचं काम माझंच होतं! कोंबडा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती अजून आठवते. सगळं ग्लासगो पोट धरून हसलं. त्या एका लेखावर मला हा रकाना मिळाला. घराचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. एका लेखाने कुणी मरत नाही.

तेव्हा उत्तर: नाही. ती दोरी त्याने एखाद्या पापभीरू कोंबड्याला द्यावी.

तुझ्यावर राग नाही, हे तुला माहीत आहे.

यूअन

ता. क. तुझं अक्षर मुंगीने पाय ओढत चालावं तसं झालंय. चष्मा बदल. आणि पेन्सिल कसली? तिकडे शाई संपली का?


क्रोलाबोस्ट
३ ऑक्टोबर १९७४

यूअन,

पेन्सिल अशासाठी, की पाठीमुळे आडवं पडून लिहिते आणि आडव्या पेनातून शाई उतरत नाही. चष्मा ठीक आहे.

तुझा लेख गावात आल्यावर काय झालं, ते मी तुला कधी लिहिलं नाही. तू विचारलंही नाहीस. आज लिहिते.

ग्लासगोतल्या कुणाच्या तरी बहिणीने कात्रण पाठवलं. शनिवारपर्यंत ते गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आलं होतं. फक्त आपल्या घरी आलं नव्हतं. रविवारी बाबा नेहमीसारखे चर्चमध्ये पुढे उभे राहिले. एकतीस वर्षं स्तोत्राची ओळ तेच द्यायचे, तुला आठवत असेल. त्यांनी एकट्याने ओळ सोडायची आणि मग सगळ्या मंडळींनी ती उचलायची, समुद्र वर यावा तशी. ओळ संपते आणि मंडळी ती उचलतात, यांच्यामध्ये एक श्वासाची जागा असते. त्या जागेत मागच्या बाकावरून कुणीतरी बांग दिली.

पोरगं नव्हे. चाळिशीचा माणूस. नाव मला माहीत आहे. तुला सांगणार नाही, तू त्याच्यावर लिहिशील.

मोठ्याने कुणी हसलं नाही. नुसते खांदे हलत होते. बायकांच्या बाजूला बसून मी ते खांदे मोजले. बाबांना काही कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं आणि ते खाली बसले. पुढची ओळ दुसऱ्याने दिली. कात्रण त्यांना मी दाखवलं, घरी आल्यावर. कुणीतरी दाखवायला हवं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी ओळ दिलेली नाही. चर्चमध्ये नाही, मयताच्या घरी नाही, एकटे असताना गाईमागेसुद्धा नाही. तू त्यांना रागीट समजतोस. ते रागावलेले नाहीत, यूअन. त्यांचा आवाज गेला आणि कुणी नेला ते त्यांना ठाऊक आहे, एवढंच.

कोंबडा दुसऱ्या दिवशी कापला. मी शिजवला. कुणी खाल्ला नाही.

आजवर मी तुझ्याकडे सुतळीशिवाय काही मागितलेलं नाही. हो का नाही, एवढं लिही. विनोद नको.

डॉलिना


ग्लासगो
२७ ऑक्टोबर १९७४

प्रिय डॉलिना,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींमध्ये विनोद आले. फाडली.

मला माहीत नव्हतं. हे काही समर्थन नाही. माहीत करून घ्यायला फक्त एक प्रश्न लागला असता. तेवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की आमच्या म्हाताऱ्याला विनोद कळत नाही. तो त्याला सगळ्या गावासमोर कळला होता, आणि कसा, ते मी आज वाचलं. बांग कुणीही दिली असो, लिहिली मी.

म्हणून: हो. बाबांच्या डोक्याशी मी उभा राहीन. तू सांगतेस म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी. ते मला बघणार नाहीत, त्यामुळे त्यांची फारशी गैरसोय व्हायची नाही. (हा विनोद झाला. राहू दे. सवय एका पत्रात जात नाही.)

फिनलेला सांग, कार्ड लिही. कार्ड आलं की मी निघेन. दोन नंबर कुणाला दिलास ते लिहिलं नाहीस. माझ्यासारखा धांदरट नसला म्हणजे झालं.

तुझी पाठ आता बरी असेल.

यूअन


क्रोलाबोस्ट
५ नोव्हेंबर १९७४

यूअन,

हे केनिनाच्या हातचं आहे, शब्द माझे. बोटं आता पेन्सिल धरत नाहीत.

यादी बाबांची नाही. माझी आहे.

(केनिना म्हणते, असं एकदम लिहू नये. मी म्हटलं, लिही.)

बाबा ठणठणीत आहेत. काल दोन हेरिंग खाल्ले आणि तिसरा का नाही म्हणून विचारलं. माझी पाठ म्हणजे पाठ नव्हती. जूनमध्ये स्टॉर्नोवेच्या डॉक्टरने सांगितलं, नवं वर्ष दिसायचं नाही. भला माणूस आहे. सांगताना माझ्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

मी तुझ्याशी खोटं बोलले नाही. यादी कुणाची, ते मी लिहिलं नाही आणि तू विचारलं नाहीस. तुझा तसा समज झालेला बघून मी गप्प राहिले, हे खरं. माझ्यासाठी बोलावलं असतं तर तू धावत आला असतास. दोरी धरली असतीस, रडला असतास आणि बापाकडे न बघता पुढच्या बोटीने गेला असतास. मला तुझं हो हवं होतं ते त्यांच्या नावाचं. ते मिळालं.

तुझं पत्र मी त्यांना दिलं. (केनिना म्हणते, विचारायला हवं होतं. आता विचारते: दिलं तर चालेल ना?) त्यांनी ते खिडकीशी नेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.  दुसऱ्या दिवशी फिनले आला होता, त्याला विचारलं, "दोन नंबरला बसून दोरी सोडता येते का?"

फिनले म्हणाला, "नाही टॉर्मोड, उभंच राहावं लागतं."

"मग उभा राहीन," म्हणाले.

तेव्हा दोन नंबर कुणाचा ते तुला कळलं. दोघांमध्ये मी असेन. मला सरळ उतरवा.

आपल्या गावच्या बायका मयताबरोबर रस्त्याच्या वळणापर्यंत जातात आणि तिथून मागे फिरतात. पुढचं पुरुषांचं. सत्तावन्न वर्षांत वळणापलीकडचं मी काही बघितलं नाही. या खेपेला मला कुणी अडवणार नाही. केनिना रडायला लागली आहे आणि कागद भिजतोय, म्हणून पुरे करते.

जमलं तर लवकर ये. सुतळी आण.

डॉलिना


ग्लासगो
२१ नोव्हेंबर १९७४

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायला मी तेवीस वर्षांनी बसलोय. मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून जेवढा आला तेवढा लिहिला.

मी उशिरा का पोचलो, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. सांगतो. तिचं पत्र शुक्रवारी मिळालं, त्याच दिवशी निघालो. शनिवारी अलापूलच्या धक्क्यावर वादळ होतं, बोट सुटली नाही. रविवारी वादळ गेलं. ऊन पडलं होतं. समुद्र ताटलीतल्या दुधासारखा. बोट धक्क्याला बांधलेली आणि मी तिच्यासमोर एका बाकावर बसलेला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. रविवारी बोट सुटत नाही. या न सुटणाऱ्या बोटीवर आजवर मी अकरा लेख लिहिलेत. ते सगळे मला त्या दिवशी आठवले, एकेक वाक्य, आणि एकाचंही हसू आलं नाही. शेजारी एक म्हातारी विणत बसली होती. म्हणाली, "घाई आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, "बहीण आहे." ती म्हणाली, "मग ती थांबेल."

डॉलिना रविवारी दुपारीच गेली, हे मला सोमवारी दारात कळलं.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. घरच्या प्रार्थनेला पाळकांनी ओळ देण्यासाठी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही नकारार्थी मान हलवलीत, तेव्हा मी तिथेच, दाराजवळच्या बाकावर होतो. तुम्ही मला पाहिलं नसेल. पाहिलं असेलही.

फिनलेने कार्ड हातात दिलं. पांढरं, मधे पेटीचं चित्र, भोवती आठ खुणा, माझ्या खुणेला शाईचा ठिपका. तुमच्या हातातही तसंच होतं. ती इतकी हलकी झाली होती की दोरीला ओढ लागेना. माझ्या हातून दोरी भराभर सुटायला लागली. तेव्हा तुम्ही पलीकडून म्हणालात, "हळू. तुझ्या बाजूने घाई होतेय."

तेवीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढंच बोललात. मी वर पाहिलं. तुमची दोरी एकसारखी सुटत होती. मग मी तुमच्या हातांकडे बघूनच सोडत गेलो.

 परतीच्या बोटीवर आल्यावर कळलं, टोपी तुमच्याकडे विसरली.

मला अजून एक लिहायचं होतं. बरंच खोडलं. उरलं ते इतकं: तो लेख मी लिहायला नको होता.

यूअन


क्रोलाबोस्ट
३ डिसेंबर १९७४

यूअन,

पत्र मिळालं.

टोपी खुंटीवर आहे. पाठवली असती, पण पार्सल बांधायला घरात सुतळी नाही. डॉलिना म्हणायची, घरातली सगळी सुतळी ग्लासगोला जाते आणि परत येत नाही. मी सगळे खण पाहिले. खरं होतं.

पेटी सरळ गेली. फिनलेही तेच म्हणतो.

रविवारी बोट सुटली असती तरी तू पोचला नसतास. डॉलिना सकाळी अकराच्या सुमारास गेली. केनिनाने दुपार सांगितलं, कारण दुपारपर्यंत मी कुणाला आत येऊ दिलं नाही.

लेखाचं लिहिलंस. कोंबडा टोपलीखाली ठेवत होतो, हे खरं आहे.

पीटचा ढीग परवाच्या वाऱ्यात पडला. रचणाऱ्याला अक्कल नव्हती.

टॉर्मोड मॅकास्किल


ग्लासगो
९ डिसेंबर १९७४

बाबा,

सोबत सुतळी आहे.

माझ्या खालच्या खणातली आहे, तेवीस वर्षांची. तिने आण म्हणून सांगितलं होतं. निघताना विसरलो. सगळी कापलेली आहे, हातभर, दीड हात असे तुकडे. कापलेलं मला जोडता येत नाही. गाठी मात्र एकूण एक सोडवल्या आहेत. कात्री लावलेली नाही, नखांनीच. मिसेस पेटिग्रू समोर बसली होती. तिने विचारलं, "मिस्टर मॅकास्किल, आत आता काही आहे का?" मी म्हटलं, नाही. मग तीही चष्मा लावून सोडवायला बसली.

शेवटच्या पार्सलच्या सात गाठींना दोन दिवस लागले. त्या सैलच होत्या. उघडताना मी ओढत बसलो होतो, म्हणून आवळल्या.

टोपी पाठवू नका. मे महिन्यात पीट कापायला आणि ढीग रचायला माणूस लागेल. तोवर राहू द्या खुंटीवर.

या पार्सलाला सुतळी वापरलेली नाही. कागद डिंकाने चिकटवला आहे. होती तेवढी सगळी आत आहे.

यूअन